रूढीचे वय विचारणारा वकील

जुलै १९२३ मध्ये डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिलीची सनद घेतली. सनदेसाठी लागणारे पैसे मित्र नवल भाठेना यांच्या मदतीने उभे राहिले. वय बत्तीस. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए., लंडनची एम.एस्सी., ग्रेज इनची बॅरिस्टरी हाताशी होती, आणि रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला लंडनची डी.एस्सी. त्याच वर्षाच्या अखेरीस मिळायची होती. एवढे शिकलेला वकील त्या काळी त्या इमारतीत क्वचितच असेल. तरी काम मिळेना. उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडवर, म्हणजे दावे थेट दाखल होत त्या शाखेत, बॅरिस्टरला पक्षकाराकडून थेट काम घेता येत नसे. सॉलिसिटरने ब्रीफ पाठवावी लागे, आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे ब्रीफ पाठवायला सॉलिसिटरांच्या पेढ्या तयार नव्हत्या. मग अपिलाची कामे, मुंबईबाहेरची जिल्हा न्यायालये, परळच्या दामोदर हॉलमधले कार्यालय आणि तिथे येणारे गरीब पक्षकार असा व्यवसाय सुरू झाला. घर चालावे म्हणून १९२५ पासून काही वर्षे बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकवला.

बाबासाहेबांच्या शिक्षणाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण बहुतेक लेखन पदव्यांच्या यादीपाशी थांबते. यादी डोळे दिपवणारी आहे, आणि ज्या समाजाला शाळेच्या दाराबाहेर बसवले त्याने ती अभिमानाने पुनःपुन्हा म्हणावी हे योग्यच आहे. मला विचारायचा आहे तो प्रश्न जरा वेगळा आहे. हे शिक्षण न्यायालयात उभे राहिल्यावर काय करत होते? अर्थशास्त्र आणि मानवशास्त्र शिकलेला माणूस दिवाणी दाव्याकडे कसा पाहतो? माझे म्हणणे असे की आंबेडकरांच्या वकिलीचे बळ कायद्याच्या पुस्तकांपेक्षा कायद्याबाहेरच्या अभ्यासातून आले. आणि आपल्या आजच्या कायदेशिक्षणाने नेमकी हीच बाजू दुबळी ठेवली आहे.

बॅरिस्टरीचे शिक्षण त्या काळी काय होते हे आधी पाहू. लंडनच्या चार इन्सपैकी (बॅरिस्टरांच्या संस्थांपैकी) एकीत नाव नोंदवायचे, ठरलेल्या सत्रांत तिथल्या सभागृहात जेवणे घेऊन हजेरी भरायची, परीक्षा द्यायच्या आणि बॅरिस्टर व्हायचे. खटला कसा चालवावा, साक्षीदाराला काय विचारावे, पक्षकाराची हकिगत कशी काढून घ्यावी हे कोणी शिकवत नसे. १८९१ मध्ये इनर टेंपलमधून बॅरिस्टर झालेल्या गांधीजींनी आत्मकथेत हे फार प्रामाणिकपणे लिहिले आहे. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच प्रकरणात उलटतपासणीला उभे राहिल्यावर त्यांना शब्द सुचेना, आणि तीस रुपये फी परत करून ते बाहेर पडले. कायद्यात तीन चतुर्थांश भाग वस्तुस्थितीचा असतो, हा वडीलधाऱ्याने दिलेला सल्ला त्यांना दक्षिण आफ्रिकेत व्यापारी दादा अब्दुल्लांच्या प्रकरणात हिशेबाच्या वह्या उलगडताना पटला. म्हणजे ग्रेज इनची पदवी कितीही मानाची असली तरी आंबेडकरांची वकिली तिच्यातून उलगडत नाही. ती पदवी न्यायालयात पाऊल ठेवण्याचा परवाना होती.

वस्तुस्थिती कशी धुंडाळायची हे आंबेडकर आधीच, दुसरीकडे शिकले होते. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. तिथे तत्त्वज्ञ जॉन ड्यूई होते, अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन होते, मानवशास्त्रज्ञ गोल्डनवायझर होते. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. जात कोणा स्मृतिकाराने वरून लादली असे मानायला त्यांनी नकार दिला. मनूने जात निर्माण केली नाही, आधीपासून चालत आलेली रीत त्याने संहितेत बांधली, असे त्यांनी मांडले. गटाबाहेर लग्न न करण्याची बंदी हे जातीचे मूळ. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा ती बंदी टिकवण्यासाठी आल्या. आणि वरच्यांचे अनुकरण करत खालचे गटही आपापली दारे लावून घेत गेले, अशी ती मांडणी आहे. तिच्यातले काही तपशील पुढच्या अभ्यासकांना मान्य झाले नाहीत. मात्र त्या निबंधाची मूळ दृष्टी महत्त्वाची आहे. रूढी आकाशातून पडत नाही. तिला जन्म असतो, कारण असते, तिच्यात कोणाचा तरी लाभ असतो, आणि म्हणून तिला वयही असते.

लंडनमध्ये या दृष्टीला कागदपत्रांची शिस्त लागली. रुपयाचा प्रश्न हाताळायचा तर सरकारी अहवाल, चलनाचे आकडे, आयोगांपुढच्या साक्षी यांच्याशी झुंजावे लागते, आणि प्रत्येक विधानामागे तक्ता उभा करावा लागतो. याच शिस्तीने त्यांनी १९१९ मध्ये मताधिकाराविषयीच्या साउथबरो समितीपुढे आणि १९२५ मध्ये चलनाविषयीच्या रॉयल कमिशनपुढे साक्ष दिली. साक्षीदार म्हणून प्रश्न कसे झेलावे लागतात हे त्यांनी वकील म्हणून साक्षीदारांना प्रश्न विचारण्याबरोबरच अनुभवले. हे दोन्ही बाजूंचे शिक्षण फार थोड्या वकिलांना मिळते.

आता महाड.

२० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी निघालेला मोर्चा मराठी वाचकाला सांगायला नको. त्याआधीचा कायदेशीर पाया मात्र पुष्कळदा विसरला जातो. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असे म्हटले होते. त्याला धरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. मोर्चेकरी तळ्यावर गेले ते हा ठराव जमिनीवर उतरवायला. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. डिसेंबरच्या २५ तारखेला दुसरी परिषद ठरली होती. तिच्या अगोदर, १२ डिसेंबरला, महाडच्या दिवाणी न्यायालयात सवर्णांच्या वतीने आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा दाखल झाला. तळे खाजगी आहे, अस्पृश्यांनी त्याचे पाणी न घेण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, तेव्हा तसा हक्क ठरवून द्यावा आणि प्रतिवादींना कायमची मनाई करावी, अशी मागणी होती. दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम निघाला.

या दाव्याची धार समजून घ्यायला हवी. ब्रिटिश भारतात रूढी हा कायद्याचा एक स्रोत होता. सर्वसाधारण कायद्याला बाजूला सारणारी रूढी सिद्ध झाली तर न्यायालय तिला हुकूमनाम्याचे बळ देई. आणि ती अस्पृश्यांच्या विरुद्ध कशी वापरली जाई याचे जळजळीत उदाहरण तेव्हा एकोणीस वर्षांपूर्वीचेच होते. १९०८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तमिळ प्रदेशातील कामुदीच्या मंदिराच्या प्रकरणात नाडार समाजाला प्रवेश नाकारणारी रूढी मान्य केली होती. सर्वोच्च पातळीवरचा निवाडा असा असताना महाडच्या वादींना विजयाची आशा वाटणे अगदी स्वाभाविक होते. त्यांची मागणीही मूळ मुद्द्यालाच हात घालणारी होती: मोर्चे, ठराव, परिषदा सगळे सोडा, हक्क आमचा हे न्यायालयाकडून एकदाचे लिहून घेऊ.

इथे प्रतिवादींपुढे दोन वाटा होत्या. एक वाट नीतीची. ही रूढी माणुसकीला काळिमा आहे, ती कोणत्याही न्यायालयाने मानू नये, असे म्हणायचे. हे सत्य होते, पण १९२७ च्या दिवाणी न्यायालयात ते पुरे पडले असते याची खात्री कोणी देऊ शकला नसता. दुसरी वाट पुराव्याची. रूढी कायद्याने मानायची तर ती प्राचीन हवी, अखंड हवी, निश्चित हवी, आणि ती तशी असल्याचा पुरावा स्पष्ट व निःसंदिग्ध हवा, असे प्रिव्ही कौन्सिलनेच १८७२ मध्ये सांगून ठेवले होते. १८७२ च्या पुरावा कायद्याचे तेरावे कलम आणखी नेमके होते. रूढीचा प्रश्न असेल तेव्हा ती कधी निर्माण झाली, कोणी सांगितली, कोणी मान्य केली, कोणी नाकारली, कधी मोडली, अशा विशिष्ट प्रसंगांना ते महत्त्व देत असे. ‘पूर्वापार’ हा शब्द वादपत्रात लिहिणे सोपे आहे. त्यामागे प्रसंग, तारखा, दस्तऐवज उभे करणे हे वादींचे ओझे. आपण रूढीचे वय विचारायचे आणि ते सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर ठेवायचा, ही ती दुसरी वाट.

बचाव या दुसऱ्या वाटेने गेला. तळे कोणाचे, ते कोणाच्या ताब्यात, नगरपालिकेचा त्याच्याशी संबंध काय, आणि बंदी खरोखर अनादी आहे का? अस्पृश्यांनी तिथे पाणी भरले नव्हते, ही गोष्ट वादींच्या बाजूची होती. पण एखादी गोष्ट आजच्या म्हाताऱ्यांनी पाहिलेली असणे वेगळे आणि ती अनादी असणे वेगळे. कोलंबियाच्या चर्चासत्रात ज्याने जातीला वय असते असे मांडले, तोच माणूस या दाव्यात पहिला प्रतिवादी होता. त्या निबंधात आणि या बचावात मला सरळ नाते दिसते. ज्याला रूढी म्हणजे निसर्गनियम वाटतो, तो वकील ‘ही कधी सुरू झाली?’ हा प्रश्न विचारतच नाही. त्याला तो सुचतच नाही.

मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. दाव्याचा निकाल ८ जून १९३१ रोजी प्रतिवादींच्या बाजूने लागला. वादी ठाण्याला अपिलात गेले, जानेवारी १९३३ मध्ये तिथे हरले. मग उच्च न्यायालयात दुसरे अपील. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांच्या पीठाने ते फेटाळले. हेच ब्रूमफील्ड १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. तळे नगरपालिकेकडे आहे, आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादी रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही, हा निकालाचा गाभा. मोर्चाला दहा वर्षे व्हायला तीन दिवस कमी होते.

दुसऱ्या अपिलात न्यायालय वस्तुस्थिती नव्याने तपासत नाही, कायद्याचा प्रश्न पाहते. म्हणून उच्च न्यायालयातला विजय खरे तर महाडच्या छोट्या न्यायालयात, साक्षीपुरावा नोंदवला गेला तेव्हाच आकाराला आला होता. मुंबईच्या मोठ्या दालनातल्या वक्तृत्वावर आपण वकिलाचे मोठेपण मोजतो. या खटल्याचे मोठेपण मात्र तालुक्याच्या गावी, हळूहळू पिवळ्या पडत गेलेल्या कागदांत आहे.

आणि तो मनाई हुकूम. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये हजारो माणसे जमली होती. ती सत्याग्रहाच्या तयारीने, घरदार सोडून आली होती. हातात न्यायालयाचा हुकूम होता. त्या रात्री परिषदेने मनुस्मृतीचे दहन केले, आणि त्याच परिषदेत, बऱ्याच चर्चेनंतर, तळ्यावरचा सत्याग्रह मात्र पुढे ढकलला. तरुण कार्यकर्ते नाराज होते. त्यांची नाराजी समजण्यासारखी होती. एकाच मांडवात एक कायदा जाळला गेला आणि दुसऱ्या कायद्याचा हंगामी हुकूम पाळला गेला. यात मला विसंगती दिसत नाही. एका कायद्यात अस्पृश्याला पक्षकार म्हणून उभे राहायलाच जागा नव्हती. दुसऱ्यात जागा होती. ती अपुरी होती, महाग होती, संथ होती, पण तिथे वादीवर पुराव्याचा भार टाकता येत होता. जिथे आपले म्हणणे ऐकून घ्यायला कोणी बांधील आहे तिथे आपणही बांधील राहायचे, ही वकिलाची निष्ठा आहे. दहा वर्षे लोकांना पाण्यासाठी थांबवून ठेवण्याची किंमत तिने घेतली, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ती किंमत वकिलाने मोजली नाही, महाड परिसरातल्या बायाबापड्यांनी मोजली.

पुराव्याची वाट दर वेळी पोहोचवते असे नाही. १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना मासिकाने उत्तरे दिली, हा गुन्हा. आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लील लिहिणे नव्हे, लोकांच्या मनात प्रश्न असतील तर शास्त्रीय उत्तर देणे हे मासिकाचे कामच आहे, असा युक्तिवाद होता. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. तेव्हाच्या अश्लीलतेच्या कायद्यात १८६८ च्या इंग्रजी हिक्लिन निकालाची कसोटी होती. एखाद्या मजकुराने कच्च्या मनाचा वाचक बिघडण्याची शक्यता आहे का, एवढेच ती विचारी. लेखनाचे समाजातले प्रयोजन, शास्त्राचे दाखले, वाचकाची गरज यांना तिच्यात दारच नव्हते. वस्तुस्थितीवर कितीही पकड असो, कायद्याच्या कसोटीत ती वस्तुस्थिती बसायला जागा नसेल तर वकील हतबल असतो. सर्वोच्च न्यायालयाने ती कसोटी सोडली ती थेट २०१४ मध्ये.

पक्षकार निवडतानाही हा वकील कसा विचार करत असे, हे दोन प्रकरणे शेजारी ठेवल्यावर दिसते. १९२६ मध्ये त्यांनी ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाच्या प्रकरणात केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची बाजू अपिलात मांडली. टिळक-चिपळूणकरांवर त्या पुस्तकाने अत्यंत कडवट भाषेत हल्ला चढवला होता. आरोपी सुटले. आठ वर्षांनी ते उभे राहिले चित्पावन कुटुंबातल्या कर्व्यांसाठी. पक्षकाराची जात त्यांनी पाहिली नाही, त्याची लोकप्रियताही पाहिली नाही. दोन्ही प्रकरणांत पक्षकार पुण्यामुंबईच्या सभ्य समाजाला नकोसा होता. असे पक्षकार सतत घेणाऱ्या वकिलाला पेढ्यांची मर्जी कधीच लाभत नाही.

गांधीजींशी तुलना इथे अपरिहार्य आहे, कारण दोघेही लंडनचे बॅरिस्टर, दोघांचीही मुंबईत सुरुवातीला निराशा झालेली, आणि दोघांनीही वस्तुस्थितीला कायद्यापेक्षा वरचे स्थान दिलेले. पण दादा अब्दुल्लांच्या प्रकरणातून गांधीजी वेगळ्या निष्कर्षाला पोहोचले. दुभंगलेल्या पक्षांना जोडणे हे वकिलाचे खरे काम, असे त्यांनी मानले आणि लवादाने समझोता घडवला. एकाच कुळातल्या दोन व्यापाऱ्यांत तो मार्ग उत्तमच होता. महाडमध्ये मात्र तडजोड कशावर करणार? तळ्याचा एक कोपरा, की दिवसातला एक ठरावीक वेळ? तशी तडजोड म्हणजे बंदीलाच नवा दस्तऐवज करून देणे झाले असते. एकाकडे सर्व हक्क आणि दुसऱ्याकडे काहीच नाही, अशा ठिकाणी वकिलाने निकालच मागितला पाहिजे. आंबेडकर निकालासाठी नऊ वर्षे थांबले, आणि माझ्या मते त्यांचेच बरोबर होते.

न्यायालयाची मर्यादाही त्यांनी वेळीच ओळखली. उच्च न्यायालयाचा निकाल लागला त्याच वर्षी, सप्टेंबर १९३७ मध्ये, त्यांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक आणले. कोकणातले खोत-कुळांचे संबंधही वहिवाटीच्या नावाखाली चालत, आणि एकेका कुळाने एकेक वहिवाट न्यायालयात खोटी पाडायची म्हटले तर पिढ्या सरल्या असत्या. १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाच्या वतीने विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. चार वर्षांपूर्वी कर्व्यांच्या खटल्यात जे पटवता आले नाही ते आता कायदेमंडळासमोर गेले. तिथेही हार झाली. तरी न्यायालयात जी कसोटी आडवी आली, ती बदलण्यासाठी कायदेमंडळात जाणे, ही दिशा स्पष्ट आहे.

राज्यघटना उघडली की हीच दिशा शेवटाला पोहोचलेली दिसते. तेराव्या अनुच्छेदात ‘कायदा’ म्हणजे काय हे सांगताना रूढी आणि परिपाठ यांचाही समावेश केला आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत रूढी शून्यवत ठरते, मग ती शंभर वर्षांची असो की हजार वर्षांची. महाडच्या प्रतिवादींना ज्यावर नऊ वर्षे लढावे लागले, ते रूढीचे वय या अनुच्छेदाने गैरलागूच करून टाकले. पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे यांच्याबरोबर विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे, आणि ते राज्याच्या पैशाने राखलेले किंवा सर्वसामान्य जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेले असावेत अशी व्याख्याही आहे. तळे खाजगी की सार्वजनिक, हा वाद ज्याने प्रतिवादी म्हणून अंगावर घेतला, तो मसुदा समितीचा अध्यक्ष होता. घटना एका माणसाने लिहिली नाही, आणि मूलभूत हक्कांच्या उपसमितीपासून संविधान सभेपर्यंत अनेकांचा त्यात हात होता. तरीही हे शब्द वाचताना महाडचा दावा आठवल्याशिवाय राहत नाही. हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येईल असे सांगणारा बत्तिसावा अनुच्छेद त्यांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटनेचा आत्मा म्हणून गौरवला. नऊ वर्षे तीन न्यायालयांत खेटे घातलेल्या माणसाचे ते उद्गार आहेत.

पुढे नागरी हक्क संरक्षण कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. अनुसूचित जातीच्या व्यक्तीविरुद्ध त्या कायद्याखालचे कृत्य घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणाने घडले असे न्यायालयाने गृहीत धरावे, उलट सिद्ध होईपर्यंत. पुराव्याचा भार कोणाच्या खांद्यावर, हा प्रश्न कायद्यात नेहमी सर्वांत निर्णायक असतो. तो कोणत्याही व्याख्येपेक्षा जास्त माणसांना न्याय देतो किंवा नाकारतो.

आता आजच्या वर्गात येऊ. १९३५ ते १९३८ या काळात आंबेडकर मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि १९३६ मध्ये त्यांनी मुंबई इलाख्यातल्या कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर स्वतंत्र लेख लिहिला. म्हणजे वकील कसा घडवावा हा त्यांच्या चिंतेचा विषय होता. त्यानंतर पुष्कळ बदलले. १९८० च्या दशकाअखेर बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयापासून पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम रुजला, आणि त्यात समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास हे विषय आले. कागदावर आंबेडकरांचे शिक्षण सर्वांच्या वाट्याला आले म्हणायला हरकत नाही.

प्रत्यक्षात बहुतेक महाविद्यालयांत हे विषय पहिल्या दोन वर्षांत ‘उरकले’ जातात. मग खरा कायदा सुरू होतो, असे शिक्षकही म्हणतात. समाजशास्त्राच्या तासाला जात ही व्याख्या म्हणून येते आणि पुरावा कायद्याच्या तासाला रूढीविषयीचे कलम पाठांतराची बाब म्हणून येते. दोन्ही तासांत विद्यार्थी तोच असतो, पण या दोन गोष्टी एकमेकींशी बोलतात हे त्याला कोणी दाखवत नाही. अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धा आहेत, त्या चांगल्याही आहेत. मात्र त्यांत वस्तुस्थिती आधीच छापून हातात दिलेली असते आणि वाद फक्त कायद्याचा असतो. महाडच्या खटल्यात याच्या नेमके उलट झाले. कायदा फारसा वादाचा नव्हता. वस्तुस्थिती शोधून काढायची होती. साक्षीदाराकडे जाणे, सात-बारा आणि नगरपालिकेची दप्तरे वाचणे, गावात विहीर कोणाच्या वाटणीची ही हकिगत काढून घेणे, याचे शिक्षण विद्यार्थ्याला सनद घेतल्यानंतर, एखाद्या ज्येष्ठाच्या कचेरीत, नशीब असेल तर मिळते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली, तीही याच उणिवेची कबुली आहे.

आणि ज्येष्ठाची कचेरी सर्वांना सारखी उघडी नसते. सॉलिसिटरांची ती जुनी पद्धत गेली. तरी पहिल्या पिढीतला वकील, ज्याच्या घरात कोणी न्यायालयाची पायरी पक्षकार म्हणून सोडून इतर कारणाने चढलेले नाही, तो आजही जिल्ह्याच्या बाररूममध्ये कोणाच्या ओळखीने बसावे या विवंचनेत असतो. कायद्याने सनदेचे शुल्क साडेसातशे रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी सव्वाशे रुपये ठरवले असताना राज्यांच्या बार कौन्सिली वेगवेगळ्या नावांखाली हजारो रुपये घेत होत्या. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. १९२३ मध्ये सनदेसाठी मित्राकडे हात पसरावा लागलेल्या बॅरिस्टरच्या देशात हा निकाल यायला एकशे एक वर्षे लागली.

कायद्याच्या शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. चवदार तळ्याचा खटला घटनेच्या तासाला दोन ओळींत संपवू नका. तो पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे संपूर्ण ठेवा: १९२३ चा ठराव, १९२७ चा दावा, मनाई हुकूम, महाडचा आणि ठाण्याचा निकाल, १९३७ चे दुसरे अपील, आणि त्यांच्याबरोबर १९१६ चा तो निबंध. मग मुलांना त्यांच्या गावातली एखादी ‘पूर्वापार’ रीत निवडायला सांगा, आणि ती कधी सुरू झाली, कोणी मोडली, कोणाच्या कागदात तिची नोंद आहे, हे गावी जाऊन शोधून आणायला लावा. गुण त्याच कामाला द्या.